तेजोमेघ, अभ्रिका, दीर्घिका : मराठी खगोललेखनातील संज्ञांचा विचार

शास्त्रीय परिभाषेचा विचार हा शास्त्रज्ञांचा विषय आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाचा नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. संज्ञा कोणत्या वस्तूस लावावयाची हे शास्त्रज्ञाने ठरवावयाचे. परंतु ती संज्ञा ऐकताच वाचकाच्या मनात काय उभे राहते, आणि जे उभे राहते ते त्या वस्तूशी जुळते की नाही, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेच काम होय. प्रस्तुत लेखात रात्रीच्या आकाशाविषयीच्या मराठी लेखनातील काही संज्ञा या दृष्टीने तपासावयाच्या आहेत. कसोटी दोन प्रकारची आहे : संज्ञेने वस्तूविषयी खोटे सांगू नये, ही पहिली, आणि संज्ञेने वाचकाची नजर त्या वस्तूपर्यंत नेण्यास साह्य करावे, ही दुसरी.

यांपैकी दुसरी कसोटी लावावयाची तर पाहणारा कोठे उभा आहे हे आधी ठरवावे लागते. आपण भोकरदन हे ठिकाण घेऊ. जालना जिल्ह्यातील केळना नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून वीस अंशच वर असतो आणि दक्षिणेचे आकाश त्या मानाने पुष्कळ दिसते. धनु राशीच्या दिशेस असलेले आपल्या आकाशगंगेचे केंद्र येथे सुमारे चाळीस अंश उंच चढते. लंडनमध्ये ते दहा अंशांपर्यंतही पोचत नाही. हे गाव निवडण्यास आणखी एक कारण आहे. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत ज्या भोगवर्धनाच्या रहिवाशांचा उल्लेख येतो, तेच हे भोकरदन. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले व सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष उजेडात आणले. ‘भोगवर्धन’ हा शब्द लोकांच्या तोंडी झिजून ‘भोकरदन’ झाला आणि म्हणूनच टिकला. संज्ञेची अंतिम परीक्षा पंडितांच्या सभेत होत नसून बोलणाऱ्यांच्या जिभेवर होते, हे या गावाच्या नावावरून ध्यानी येते.

मराठीत आकाशदर्शनाची आवड लावणाऱ्या ग्रंथांचा विचार करताना शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकापासून आरंभ करणे योग्य होईल. ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’च्या या व्यासंगी इतिहासकाराने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव दिले. या जोडनावाकडे टीकाकारांनी अवश्य लक्ष द्यावे. ‘दोन घटका’ म्हणजे बोलीत थोडा वेळ. तथापि घटका चोवीस मिनिटांची धरली, तर हा वेळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो. अंधारास डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत आकाश बारा अंश सरकते. म्हणजे ज्याला आकाश पाहावयाचे आहे त्याला खरोखरच इतका वेळ काढावा लागतो. दीक्षितांनी हा हिशेब मनात धरला होता, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वाचक घराबाहेर येईल, उभा राहील आणि पाहील, ही अपेक्षा त्या जोडनावातच आहे. पुढील काळात डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी आपल्या मराठी ग्रंथास ‘आकाशाशी जडले नाते’ हे नाव दिले, त्यातही वाचक आणि आकाश यांच्यातील संबंधच पुढे आणला आहे.

आता संज्ञांकडे वळू. दीक्षितांच्या काळी शास्त्रज्ञांना स्वतःलाच एक मोठे कोडे सुटलेले नव्हते. दुर्बिणीतून धुरकट ढगासारख्या दिसणाऱ्या सर्व पदार्थांस युरोपात ‘नेब्युला’ म्हणजे धुके किंवा ढग म्हणत. १८६४ मध्ये हगिन्स याने कालेय तारकासमूहातील अशा एका पदार्थाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा तो विरळ वायूचा असल्याचे ठरले. उलट देवयानी तारकासमूहातील प्रसिद्ध पदार्थाचा वर्णपट ताऱ्यांच्या प्रकाशासारखा सलग निघाला. मग हा दुसरा पदार्थ आपल्याच आकाशगंगेतील की तिच्या पलीकडचे स्वतंत्र तारकाविश्व? १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस यांच्यात यावर जाहीर वाद झाला. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये हबल यास देवयानीत ‘सेफीड’ जातीचा रूपविकारी तारा सापडला आणि १ जानेवारी १९२५ रोजी त्याचा निष्कर्ष विद्वानांपुढे मांडला गेला. त्या दिवसापासून एका शब्दाखाली नांदणाऱ्या दोन वस्तू कायमच्या वेगळ्या झाल्या : एक, आकाशगंगेतील वायू व धूळ यांचे ढग, दुसरी, अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र विश्वे.

मराठीत मात्र ‘तेजोमेघ’ हा शब्द दोहोंसाठी चालत राहिला. शब्द देखणा आहे, पण पहिल्या कसोटीस तो उतरत नाही. देवयानीतील विश्व हा मेघच नव्हे, हे उघड आहे. इतकेच नव्हे, तर खऱ्या मेघांनाही तो सर्वत्र लागू पडत नाही. हंसापासून धनूपर्यंत आकाशगंगेच्या पट्ट्यात जी लांबलचक काळी फट दिसते, ती मागील ताऱ्यांचा प्रकाश अडविणाऱ्या धुळीच्या ढगांची आहे. चैत्र-वैशाखात अंगणात वा गच्चीवर निजणाऱ्यास पहाटेपूर्वी ती भोकरदनच्या परिसरातून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. हिला ‘काळा तेजोमेघ’ म्हणणे म्हणजे वदतोव्याघात होय. ‘अभ्रिका’ हा शब्द येथे निर्दोष ठरतो. अभ्र म्हणजे ढग, अभ्रिका म्हणजे लहानसा ढग. त्यात तेजाचा आग्रह नाही, म्हणून ‘दीप्त अभ्रिका’ आणि ‘कृष्ण अभ्रिका’ दोन्ही सुखाने म्हणता येतात. कित्येक ठिकाणी मराठी संज्ञा मूळ इंग्रजीहून सरस आहे, हेही नोंदविले पाहिजे. दुर्बिणीत ग्रहाप्रमाणे वाटोळ्या दिसणाऱ्या अभ्रिकांना विल्यम हर्शेल याने ग्रहांवरून नाव दिले, आणि ग्रहांशी काहीही संबंध नसता ते नाव आजवर विद्यार्थ्यांस चकवीत आले. मराठीत त्यांस ‘बिंबाभ्रिका’ म्हणतात. दिसते तेवढेच तो शब्द सांगतो.

तारकाविश्वासाठी आता ‘दीर्घिका’ हा शब्द स्थिर झाला आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे अथवा पुष्करिणी. सर्व दीर्घिका लांबट नसतात. काही गोल असतात, काहींना निश्चित आकारच नसतो. या अर्थाने शब्द सदोष आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु देवयानीतील दीर्घिका चपटी चकती असून आपणांस ती बरीच तिरपी दिसते, म्हणून आकाशात ती लांबटच भासते. आणि नुसत्या डोळ्यांस स्पष्ट दिसू शकेल अशी दीर्घिका भोकरदनच्या आकाशात हीच एक आहे. शिवाय युरोपीय भाषांतील ‘गॅलक्सी’ या शब्दाच्या मुळाशी दूध आहे, तर आपल्या परंपरेत ‘आकाशगंगा’ ही नदी आहे. नदीशेजारी तळे शोभते. २०१७ मध्ये पुण्यातील आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी मीन राशीच्या दिशेस सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षांवर असलेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधून त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. गंगा, दीर्घिका आणि सरस्वती अशी जलवाचक नावांची एक मालिकाच त्यामुळे तयार झाली आहे.

तारकासमूहांच्या विशेषनामांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग्रीक कथेतील सेफियस राजा, त्याची राणी कॅसिओपिया, कन्या अँड्रोमेडा आणि तिला सागरी राक्षसापासून सोडविणारा पर्सियस यांच्या जागी मराठीत वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाति ही महाभारतातील पात्रे आली. ही केवळ नावांची अदलाबदल नाही. तो एक वाङ्मयीन अनुवाद आहे आणि अनुवाद म्हणूनच त्याची परीक्षा व्हावयास हवी. सांधा जुळला आहे तो सुटकेच्या प्रसंगावर : पर्सियसने अँड्रोमेडाच्या साखळ्या तोडल्या, ययातीने देवयानीस हात देऊन विहिरीबाहेर काढले. जुळले नाही ते शर्मिष्ठेचे नाते. ग्रीक कथेत ती माता आहे, आपल्या कथेत ती सवत आहे. तरीही आकाशातील तिचे स्थान कथेस विसंगत नाही. एका बाजूस पिता वृषपर्वा, दुसऱ्या बाजूस ययाति, आणि समोर देवयानी. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या आकृतीतील अधिक टोकदार कोन बाणासारखा धरला, तर तो देवयानीतील दीर्घिकेकडेच रोखलेला दिसतो. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) किंवा शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) वाचलेल्या विद्यार्थ्यास ही नावे पाठ करावी लागत नाहीत. दुसऱ्या कसोटीवर हा अनुवाद पूर्णपणे यशस्वी ठरतो.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागली आहे. हबलला सापडलेल्या ताऱ्याची ‘सेफीड’ ही जात सेफियसमधील एका ताऱ्यावरून ओळखली जाते. म्हणजे मराठीत तो वृषपर्व्याच्या घराण्यातला झाला. आपण समूहाचे नाव बदलले आणि ताऱ्याच्या जातीचे नाव तसेच ठेवले, त्यामुळे दोहोंतील संबंध मराठी वाचकास दिसेनासा झाला. लेखकाने तो एका वाक्यात सांगावयास हवा. बहुधा सांगितला जात नाही.

आता मराठी खगोललेखनातील एका मोठ्या उणिवेकडे यावयाचे आहे. भोकरदनच्या शेतकऱ्यास नक्षत्रांची नावे शिकवावी लागत नाहीत. रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त ही त्याच्या वर्षाची अंगे आहेत. मृग लागले की पेरणीचा विचार सुरू होतो. पण जूनच्या सात-आठ तारखेस मृग ‘लागते’ ते सूर्य त्या नक्षत्रात येतो म्हणून, आणि सूर्य तेथे असल्यामुळे नेमके त्याच दिवसांत ते नक्षत्र दिसत नाही. ज्या नावावर पावसाची भिस्त, ते आकाशात कधी पाहावयाचे हे पुष्कळांस ठाऊक नसते. पौष-माघात रात्री नऊच्या सुमारास तेच मृग दक्षिणेस उंचावर येते आणि त्याच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक अंधुक ठिपका दिसतो. ती सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरील, नवे तारे जन्मास घालणारी महान अभ्रिका होय. भोगवर्धनाच्या वैभवाचा काळ सरून कित्येक शतके लोटल्यावर निघालेला प्रकाश तेथून आज येथे पोचतो. बीजाचे आणि जन्माचे नाते ज्या शब्दाशी आधीच जडलेले आहे, त्या शब्दातच ही अभ्रिका आहे. इतके आयते साधन हाती असता आमचे बरेचसे लेखन दुर्बिणींनी घेतलेली रंगीत छायाचित्रे आणि शून्यांच्या रांगा यांवरच विसंबून राहते.

अशा लेखनात ‘चमत्कार’ हा शब्द वारंवार येतो. चमत्कार म्हणजे ज्याचे कारण सांगावयाचे नसते असे काही. देवयानीतील दीर्घिका सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे, एवढेच सांगितले तर वाचक थक्क होतो आणि पान उलटतो. परंतु हबलच्या त्या ताऱ्याची चमक सुमारे साडेएकतीस दिवसांच्या फेऱ्याने कमीजास्त होते, फेरा जितका लांब तितके ताऱ्याचे अंगचे तेज अधिक, आणि अंगचे तेज व दिसणारे तेज यांच्या तुलनेवरून अंतर निघते, असे सांगितले तर तो विचार करू लागतो. हबलचे पहिले उत्तर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांचे होते. सेफीड दोन प्रकारचे असतात हे ओळखून बाडे याने १९५२ मध्ये ते दुपटीहून वाढविले. चूक कशी झाली आणि कशी सुधारली, हे कळल्यावर संख्येवरील विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो. अद्भुत रसाला यामुळे बाध येतो असे मानणे ही रसविचाराचीही चूक आहे.

नुसत्या संख्यांचेही एक कार्य आहे, हे विसरून चालणार नाही. भोकरदन ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्याच्या राजधानीतील निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारकासूचीच्या कामात भाग घेऊन सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांची नोंद केली. तिला नेमून दिलेल्या पट्ट्यांपैकी एक खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सतरा ते तेवीस अंशांचा होता. तो पट्टा भोकरदनच्या दक्षिण आकाशातून सुमारे पन्नास अंशांच्या उंचीवरून जातो. ते काम ज्योतिर्विदांसाठी मोलाचे होते. परंतु सूचीतील क्रमांक हाती घेऊन कोणी अंगणात उभा राहत नाही. त्यासाठी नाव, दिशा आणि वेळ लागते.

एवढ्या विवेचनावरून काही सूचना करता येतील. ‘अभ्रिका’ आणि ‘दीर्घिका’ यांची वाटणी काटेकोरपणे पाळावी. ‘तेजोमेघ’ हवाच असेल तर तो स्वतेजाने चमकणाऱ्या वायूपुरता राखावा. भाषांतरित नावांमुळे तुटलेले संबंध लेखकाने स्वतः जोडून द्यावेत. आणि प्रत्येक पदार्थाचे वर्णन करताना तो महाराष्ट्राच्या अक्षांशावरून कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या दिशेस दिसेल, किंवा दिसणारच नाही, हे आधी सांगावे. दिवाळीच्या अमावास्येस रात्री दहा-अकराच्या सुमारास देवयानीतील दीर्घिका भोकरदनवरून जवळजवळ माथ्यावर, किंचित उत्तरेस असते. गावच्या दिव्यांपासून कोस-दोन कोस दूर शेतात गेलेल्या विद्यार्थ्यास ती शर्मिष्ठेच्या खुणेवरून सापडली पाहिजे. त्याच्या हाती असलेल्या मराठी पुस्तकाने तेथपर्यंत त्याला नेले, की त्या पुस्तकाची भाषा कसोटीस उतरली असे म्हणावयास हरकत नाही.