दिवा कुणाचा, घराचा की मालकाचा?

‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये १९५५ साली डॉक ब्राऊन ज्या बंगल्यात राहतो, तो एक बंगला नाही. बाहेरून दिसतं ते कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं गॅम्बल हाऊस. मार्टी आत शिरतो ते त्याच शहरातलं ब्लॅकर हाऊस. दोन्ही चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी १९०७-०८च्या सुमारास रचलेली. सिनेमा आला १९८५मध्ये. त्याच वर्षी ब्लॅकर हाऊस विकलं गेलं आणि नव्या मालकानं आतले दिवे काढून विकायला सुरुवात केली. रंगीत काचाही.

घर त्याचं, दिवे त्याचे. मग बिघडलं काय? ग्रीन बंधूंच्या घरात दिवा हे सामान नसतं, एवढंच. गॅम्बल हाऊसचे फोटो झूम करून बघा. सागवानाच्या जिन्याची एकही कड टोकदार नाही. दिवे, टेबलं, गालिचे सगळं त्याच हातानं, त्याच घरासाठी आखलेलं. दिवा काढला की भिंतीचंच वाक्य अर्धवट राहतं.

क्राफ्ट्समन शैलीच्या साधेपणाच्या गप्पा मला थोड्या खटकतातच. गॅम्बल म्हणजे ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’वाले, आणि हे त्यांचं हिवाळ्यापुरतं घर! सागवान बर्माचं, तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. यंत्राच्या मालाविरुद्ध उभी राहिलेली कारागिरी, पैसा साबणाच्या कारखान्याचा. आणि पुढे तिचेच दिवे सुटे सुटे बाजारात.

गॅम्बल हाऊस तरी कशामुळे वाचलं? कुटुंब ते विकणार होतं. गिऱ्हाईक आतलं लाकूड पांढरं रंगवायची भाषा करू लागलं, तेव्हा बेत रद्द झाला. १९६६मध्ये त्यांनी घर शहराला दिलं, सांभाळायला सोबत एक विद्यापीठ घेतलं. पुढे वास्तुकलेचे दोन-दोन विद्यार्थी तिथं राहतही होते, हे मला फार आवडतं. ब्लॅकरच्या नशिबी असं कुणी नव्हतं. पॅसाडेनानं अशा वस्तू काढण्यावर निर्बंध आणले, पण दिवे गेल्यावर.

नंतरच्या मालकांनी हुबेहूब दिवे घडवून पुन्हा टांगले. मूळचे काही संग्रहालयांत आहेत, काचेआड. मला विचाराल तर तुळईखाली लागलेली ती नक्कल मी आधी बघायला जाईन.