पाणी, सांडपाणी आणि वाक्यातील कर्ता

उपनगरांतील गृहप्रकल्पांची पर्यावरणविषयक कागदपत्रे ही अभियंत्यांची मिरास मानली जाते. परंतु त्यांतील पाणीपुरवठा व मलनिस्सारण या प्रकरणांचा दोष पुष्कळदा गणितात नसून वाक्यरचनेत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गणित साधेच असते. एक हजार सदनिका व प्रत्येकीत पाच माणसे धरली, तर दरमाणशी दररोज १३५ लिटर या प्रमाणाने ६,७५,००० लिटर पाणी लागते. त्याचा ८० टक्के भाग, म्हणजे ५,४०,००० लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडतो असे मानण्याचा प्रघात आहे. ते शुद्ध केल्यावर दरमाणशी ४५ लिटर, म्हणजे २,२५,००० लिटर, शौचालयांत पुन्हा वापरता येते. उरलेल्या ३,१५,००० लिटरांचे काय? येथे आकडे थांबतात व भाषा पुढे सरसावते: ‘उर्वरित पाणी बागेसाठी वापरण्यात येईल, अतिरिक्त पाणी महापालिकेच्या वाहिनीत सोडण्यात येईल.’ वाक्य नमुन्यादाखल रचलेले आहे. पण ही कागदपत्रे वाचणारास ते अनोळखी वाटणार नाही. श्रावणात बागेला पाणी कोण घालतो? आणि शहराच्या कडेला, पुणे महानगरपालिकेत २०२१ साली आलेल्या २३ गावांसारख्या भागात, प्रकल्पापर्यंत वाहिनी पोचलेली नसेल, तर हे पाणी जवळच्या ओढ्यातच जावयाचे.

‘-ण्यात येईल’ या रचनेत ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय लावून कर्ता सांगता येतो. मात्र तो सांगितलाच पाहिजे असे बंधन व्याकरण घालीत नाही. कार्यालयीन मराठीने ही सवलत इंग्रजीच्या अनुकरणाने सवयीची करून टाकली. एरवी त्यात फारसे बिघडत नाही, येथे बिघडते. शुद्धीकरण यंत्रणा बांधणारा विकासक एक, आणि पुढे वर्षानुवर्षे तिचे विजेचे बिल भरणारी व गाळ उचलण्याची व्यवस्था पाहणारी सहकारी गृहनिर्माण संस्था दुसरी. कर्ता गाळला की यंत्रणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती केव्हा व कोणत्या स्थितीत जाते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलाच जात नाही. मंजुरीपत्रांच्या अटींत ‘प्रकल्पप्रवर्तक’ असा कर्ता येतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो कर्ता तर इमारती पुऱ्या झाल्यावर निघून जाणारा!

शब्दयोजनेतही असाच सैलपणा आहे. स्वयंपाकघरातले व न्हाणीतले ते सांडपाणी, शौचकूपातले ते मैलापाणी, हा भेद बोलीने जपलेला आहे. ‘सांडपाणी’ हा एकच शब्द दोहोंसाठी वापरून कागदपत्रे तो पुसून टाकतात. ‘ओढा’ व ‘नाला’ यांचेही तेच. ओढा म्हटले की उगम, काठ व पूर डोळ्यांसमोर येतात. नकाशावर त्याचा ‘नाला’ झाला की तो बांधीव मोरीच्या पंक्तीला बसतो आणि त्यात काहीही सोडण्यास मन कचरत नाही. पुण्याच्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आपले मूळचे स्वरूप दाखविले.

या भाषेवर स्थानिक रहिवाशांनी आक्षेप घ्यावा, तर त्यांना ती वाचावयास मिळाली पाहिजे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणीय पूर्वमंजुरी आवश्यक केली, परंतु बांधकाम व नगरवसाहतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळले. इतर उद्योगांना जनसुनावणीच्या निमित्ताने अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. येथे सुनावणीच नसल्याने तो प्रसंगच उद्भवत नाही. मराठीचा प्रवेश होतो तो निर्णय झाल्यानंतर. मंजुरी मिळाल्याची सूचना दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी, त्यांपैकी एक मराठी असावे, अशी अट राज्यातील मंजुरीपत्रांत नेहमी आढळते. ती सूचना वाचून कोणी मूळ मंजुरीपत्र पाहावयास गेलाच, तर त्याच्या हाती पडते ते इंग्रजी.