रूपांतराचे रूपांतर : ‘कॅट पीपल’ (१९४२) आणि ‘कॅट पीपल’ (१९८२)

‘रूपांतर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. एका भाषेतील वा माध्यमातील कलाकृती दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या काळात नव्याने उभी केली की आपण तिला रूपांतर म्हणतो. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ देवलांच्या हाती ‘झुंजारराव’ झाले, ‘हॅम्लेट’ आगरकरांच्या हाती ‘विकारविलसित’ झाले, ते या अर्थाने. एका देहाने दुसऱ्या जातीचा देह धारण करणे हेही रूपांतरच. पहिल्या अर्थाची चर्चा भाषांतरविद्येत होते, दुसऱ्याची पुराकथांच्या अभ्यासात. हे दोन अर्थ एकाच कलाकृतीत एकत्र येतात तेव्हा मात्र तुलनाकाराला एक अपूर्व संधी मिळते. पॉल श्रेडर यांचा ‘कॅट पीपल’ (१९८२) हा अशा प्रकारचा चित्रपट आहे. माणसाचा बिबट्या होण्याची ही कथा स्वतःच जाक तुर्नर यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाचे (१९४२) रूपांतर आहे. प्रस्तुत लेखात या दोन कृतींचा एकत्र विचार केला आहे.

या जोडीविषयीचे रूढ मत सर्वश्रुत आहे. तुर्नर यांनी जे झाकले ते श्रेडर यांनी उघडे केले; मूळ कृती सूचक, पुनर्निर्मिती भडक; म्हणून पहिली श्रेष्ठ. या मतात तथ्य नाही असे नाही. परंतु ‘झाकणे’ आणि ‘दाखवणे’ हा भेद निर्णायक मानला, की दोन्ही चित्रपटांच्या गाभ्याशी असलेला प्रश्न निसटतो. तो प्रश्न असा : जी स्त्री ‘मी तुमच्यासारखी नाही’ असे सांगते, तिच्या या शब्दाचे तिच्यावर प्रेम करणारा माणूस काय करतो?

१.

आर. के. ओ. या स्टुडिओसाठी निर्माते व्हॅल ल्यूटन यांनी अल्प खर्चात केलेला मूळ चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. पटकथा डीविट बोडीन यांची, छायालेखन निकोलस मुसुराका यांचे. न्यूयॉर्कमध्ये राहणारी इरीना डुब्रोव्ना (सिमोन सिमाँ) ही सर्बियातून आलेली, फॅशनची रेखाटने करणारी तरुणी. जहाजांचे आराखडे करणाऱ्या ऑलिव्हर रीडशी तिचे लग्न होते. पण आपल्या गावातील जुन्या शापाच्या भीतीने ती पतीला जवळ येऊ देत नाही. मोह, मत्सर वा क्रोध अनावर झाला, की तिच्या वंशातील स्त्री हिंस्र श्वापद होते, अशी तिची समजूत आहे.

त्या काळी अमेरिकी चित्रपटांवर १९३४पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मितिसंहितेचा अंमल होता. असफल दांपत्यजीवनाचा विषय उघडपणे मांडणे शक्यच नव्हते. बंद दार, दारापलीकडे उभा पती आणि दाराअलीकडे जमिनीवर बसलेली इरीना, एवढ्या दृश्यसामग्रीवर चित्रपट काम भागवतो. रात्रीच्या पोहण्याच्या तलावात ॲलिस एकटी आहे, भिंतीवर पाण्याचे कवडसे हलत आहेत, कुठूनसा गुरगुरण्याचा आवाज येतो, दिवा लागतो आणि समोर इरीना उभी असते. श्वापद दिसत नाही. दिसतो तो नंतर चिंध्या झालेला ॲलिसचा झगा. बंधनातून शैली निर्माण होते याचे हे ठळक उदाहरण होय.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अद्भुतकथेचे लक्षण सांगताना वाचकाच्या दोलायमानतेवर भर दिला. घडते ते निसर्गनियमांत बसणारे की त्यांपलीकडचे, हा निर्णय लांबतो तोवरच ही कोटी टिकते. तुर्नर यांचा चित्रपट बऱ्याच अंशी या लक्षणात बसतो. मनोविश्लेषणाने या प्रकारच्या साहित्याची जागा घेतली, असेही तोदोरोव म्हणतात. येथे तर मनोविश्लेषक कथेतच हजर आहे. डॉ. लुई जड इरीनाचा शाप तिच्या मनाचा विकार ठरवतो आणि उपचाराच्या आडून तिच्याशी लगट करू पाहतो. तिचे म्हणणे चूक आहे हे सिद्ध करण्यासाठी तो तिचे चुंबन घेतो. त्याच क्षणी ते म्हणणे खरे ठरते आणि त्याचा जीव जातो.

म्हणजे या चित्रपटातील संशय हा केवळ प्रेक्षकाला खिळवून ठेवण्याचे तंत्र नाही. तो एका स्त्रीच्या शब्दावर घेतलेला संशय आहे. ऑलिव्हर तिच्या कथेला बालिश समजतो, मग तिला डॉक्टरकडे पाठवतो, मग इस्पितळात ठेवण्याचा विचार करतो. ती आपल्याशी कधी खोटे बोलली नव्हती, अशी कबुली तो देतो खरी, पण तेव्हा ती मृत्यू पावलेली असते. या विलंबातच चित्रपटाची शोकात्मता आहे.

२.

चाळीस वर्षांनी श्रेडर ही कथा हाती घेतात तेव्हा निर्मितिसंहिता १९६८मध्येच संपुष्टात आलेली असते. नवी पटकथा ॲलन ऑर्म्सबी यांची आहे; घटनास्थळ न्यूयॉर्कऐवजी न्यू ऑर्लिन्स. लहानपणी दुरावलेला भाऊ पॉल (माल्कम मॅक्डॉवेल) याला भेटण्यासाठी इरीना गॅलिअर (नस्तास्या किन्स्की) तेथे येते. मार्जारवंशातील व्यक्तीने परक्याशी संग केला, तर तिचा बिबट्या होतो आणि हत्या केल्याखेरीज पुन्हा मनुष्यदेह मिळत नाही. केवळ आपल्याच वंशात संग सुरक्षित. म्हणून भाऊ बहिणीपाशी शय्येची मागणी करतो. त्यांचे आईवडीलही भाऊबहीणच होते.

या बदलाचा अर्थ एका लहानशा प्रसंगावरून उलगडतो. मूळ चित्रपटात लग्नाच्या मेजवानीत एक अनोळखी, मांजरासारख्या चेहऱ्याची स्त्री इरीनापाशी येते आणि तिच्या मातृभाषेत तिला ‘माझी बहीण’ असे संबोधते. इरीना भयाने क्रॉसची खूण करते. त्या एका संबोधनात परदेशी आलेल्या माणसाची सारी कोंडी सामावली आहे : जे मागे टाकले म्हणून समजत होतो, ते ओळख दाखवत समोर उभे राहते. हाच प्रसंग श्रेडरही घेतात. संबोधन आता स्पॅनिश भाषेत होते. पण तोवर ‘बहीण’ हा शब्द रूपक राहिलेला नसतो. तो रक्तसंबंध झालेला असतो. मूळ कृतीतील अनाम नात्याला पुनर्निर्मितीने जीवशास्त्रीय नियम बनवले.

याबरोबरच इतिहासही नाहीसा होतो. पहिल्या इरीनाच्या खोलीत तलवारीवर मांजर भोसकलेल्या अश्वारूढ राजा जॉनचा पुतळा आहे. मामलुकांची गुलामी, त्या काळात आडमार्गाला लागलेले गाव आणि राजाने केलेला संहार ही तिची कहाणी आहे. कहाणी कल्पित असेल, पण ती एका जित समाजाची स्मृती म्हणून सांगितली जाते. चित्रपट प्रदर्शित झाला त्या १९४२ साली सर्बिया नाझी सत्तेखाली होता, हे प्रेक्षकाला निराळे सांगण्याची गरज नव्हती. ल्यूटन याल्टात जन्मलेले, तुर्नर पॅरिसमध्ये. परकेपणाचा अनुभव पडद्यामागेही होता. श्रेडर यांच्या आरंभदृश्यात मात्र नारिंगी वाळूचा कालातीत प्रदेश आहे. तेथे झाडाला बांधलेली मुलगी बिबट्याला अर्पण केली जाते. दृश्य विलक्षण देखणे आहे. फर्दिनांदो स्कार्फिओत्ती यांची दृश्यरचना आणि जॉर्जो मोरोडर यांचे संगीत यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्या आदिमतेला काळ नाही आणि गाव नाही, ती कोणाचीच स्मृती असू शकत नाही. ती पाहणाऱ्याची हौस असते.

३.

पुनर्निर्मितीतील सर्वांत अर्थपूर्ण फेरफार पात्रयोजनेत आहे. मनोविश्लेषक जड येथे नाही आणि ऑलिव्हर (जॉन हर्ड) आता आराखडे करीत नाही. तो प्राणिसंग्रहालयाचा अधिकारी आहे. इरीना काय आहे हे ठरवण्याचा अधिकार पहिल्या चित्रपटात मानसशास्त्राकडे होता, दुसऱ्यात तो प्राणिशास्त्राकडे गेला. शिवाय पहिल्यात पती आणि तज्ज्ञ या दोन व्यक्ती होत्या. दुसऱ्यात प्रियकर आणि रक्षक एकच आहेत. प्रेम करणाऱ्याच्याच कमरेला पिंजऱ्याची किल्ली आहे.

या किल्लीच्या आधारे दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहता येतात. १९४२ची इरीना पिंजऱ्याच्या कुलपात विसरलेली किल्ली आधी रखवालदाराला परत देते. पुढे ती तीच किल्ली चोरते. जखमी अवस्थेत ती प्राणिसंग्रहालयात येऊन स्वतः पिंजरा उघडते. काळा बिबट्या तिच्यावर झेप घेऊन बाहेर पडतो, मोटारीखाली मरतो, आणि ती पिंजऱ्यापाशी प्राण सोडते. १९८२ची इरीना मरत नाही. आपल्या जातीत राहू द्यावे अशी याचना ती ऑलिव्हरकडे करते. तो तिचे हातपाय पलंगाला बांधतो, संग करतो आणि तिचा बिबट्या होतो. अंतिम दृश्यात तो गजांमधून तिला घास भरवतो, तिची मान कुरवाळतो, चित्र गोठते. एका शेवटात स्त्री पिंजरा उघडून मरते, दुसऱ्यात ती पिंजऱ्यात जिवंत राहते.

येथे श्रेडर यांच्या चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. मूळ कृतीत इरीनाचा मृत्यू ऑलिव्हरला मोकळे करतो. ॲलिसबरोबरचे त्याचे सुरळीत आयुष्य त्या मृत्यूवर उभे राहते. तिच्यावर विश्वास ठेवून पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याला सोडवावाच लागत नाही. श्रेडर तो प्रश्न टाळत नाहीत. त्यांचा ऑलिव्हर तिचे सत्य मान्य करतो, तिच्या मागणीप्रमाणे वागतो आणि त्या कृत्याच्या परिणामासमोर रोज उभा राहतो. पुनर्निर्मिती मूळ कृतीच्या शेवटानंतरचे वाक्य उच्चारते. निव्वळ भडकपणाचा आरोप करणाऱ्यांनी इकडे दुर्लक्ष केले आहे.

तथापि त्या वाक्याचा स्वर कोणता? श्रेडर हे कडक कॅल्व्हिनपंथी घरात वाढलेले, ओझू, ब्रेसाँ आणि ड्रेयर यांच्यावर १९७२मध्ये पुस्तक लिहिणारे दिग्दर्शक. त्यांच्या ऑलिव्हरभोवती दान्तेच्या ‘व्हिता नुओव्हा’चा संदर्भ आहे, अप्राप्य बिआत्रिचेची उपासना हे त्याच्या प्रेमाचे प्रतिमान आहे. उपास्य मूर्तीला गाभारा लागतो, आणि या कथेत गाभारा म्हणजे पिंजरा. कॅमेरा अखेरपर्यंत गजांच्या बाहेर, ऑलिव्हरच्या बाजूला उभा आहे. आरंभीच्या वाळवंटात मुलीला झाडाला बांधणारे हात आणि शेवटी पलंगाला दोर बांधणारे हात यांचे साम्य चित्रपट दाखवतो. पण त्या साम्याने तो अस्वस्थ होत नाही, तो मोहित होतो.

४.

आपल्याकडच्या एका कथेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. महाभारताच्या आदिपर्वात किंदम ऋषी मृगरूपाने मृगीशी रत असताना पंडू त्याला बाण मारतो. संगाच्या क्षणी मृत्यू, हा शाप पंडूला मिळतो आणि पुढे माद्रीच्या आलिंगनात तो खरा ठरतो. काम, पशुदेह आणि मृत्यू ही त्रयी येथेही आहे. कोणत्याही प्रभावाचा दावा न करता हे साधर्म्य तपासण्याजोगे आहे. फरक मूलगामी आहे. किंदमाने मृगरूप स्वेच्छेने घेतले, कारण मनुष्यांत त्याला लज्जा वाटत होती. पशुदेह हे त्याच्या लेखी दूषण नाही, कामनेचे आश्रयस्थान आहे. आणि शाप भोगावा लागतो तो पशू झालेल्याला नव्हे, बाण सोडणाऱ्याला.

शिवाय विद्ध झालेले ते हरिण मनुष्यवाणीने बोलते. पंडूशी वाद घालते, त्याचा अपराध कोणता हे नेमके सांगते, आणि मग प्राण सोडते. ओव्हिडच्या काव्यात गाय झालेली इओ खुराने धुळीत आपले नाव लिहिते. ॲक्टिऑनला मात्र हरिण झाल्यावर आपल्या कुत्र्यांना आपण कोण हे सांगता येत नाही, आणि तेच त्याला फाडतात. रूपांतराच्या कथांमध्ये देह कोणता मिळाला यापेक्षा वाणी उरली की गेली, हा भेद अधिक निर्णायक ठरतो, असे या उदाहरणांवरून म्हणता येईल.

या निकषावर दोन्ही चित्रपटांकडे पुन्हा पाहू. पहिल्या इरीनाला वाणी होती, पण ऐकणारा नव्हता. दुसऱ्या इरीनाला अखेर ऐकणारा मिळाला, आणि त्याच वेळी तिची वाणी गेली. घास भरवणाऱ्या हाताखाली ती गुरगुरते. ती कृतज्ञता आहे की क्रोध, हे ऑलिव्हरला कळण्याचा मार्ग नाही. तो आपल्याला हवा तो अर्थ लावू शकतो. तुर्नर यांच्या चित्रपटातील संदेह दूर करण्यासाठी श्रेडर यांनी सारे काही दाखवले. पण शेवटच्या चित्रात तो संदेह परत आलाच, फक्त आता त्याचा निवाडा करण्याचा अधिकार एकट्या पुरुषाकडे आहे.

रूपांतर मूळ कृतीशी किती एकनिष्ठ राहिले, हे मोजण्याची आपल्याला सवय आहे. या दोन चित्रपटांच्या अभ्यासातून दुसरा प्रश्न पुढे येतो : नव्या देहात गेल्यावर कथेतील कोणाला बोलता येते, आणि कोणाच्या वतीने इतरच बोलतात? ‘झुंजारराव’पासून कोणत्याही रूपांतराला हा प्रश्न विचारता येईल. श्रेडर यांच्या चित्रपटाला तो विचारल्यावर जे उत्तर मिळते ते समाधानकारक नाही. पण तो प्रश्न इतक्या उघडपणे समोर ठेवण्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल.