डोंगर वारा ‘अडवतो’ काय?

प्रतिरोध पर्जन्याची एक आकृती भूगोलाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डावीकडे समुद्र, मध्ये त्रिकोणी डोंगर, त्यावरून चढून उतरणारा एक गुळगुळीत बाण. आणि खाली, डोंगर बाष्पयुक्त वारे अडवतो म्हणून पाऊस पडतो, अशा अर्थाचे वाक्य. आमची तक्रार या ‘अडवतो’बद्दल आहे. वारा खरोखरच अडला, तर तो वर चढणार नाही. चढला नाही, तर हवा प्रसरण पावून थंड होणार नाही, मग पाऊस कुठला? तरीही ‘अडतो’ऐवजी ‘चढतो’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापलेला आम्ही पाहिला आहे.

खारघरच्या मुलांना तर पडताळा खिडकीतूनच मिळतो. जुलैत नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, तरी डोंगरमाथ्यावरचा ढग कित्येकदा जागचा हलत नाही. तो का वाहून जात नाही, या प्रश्नाला आकृतीपाशी उत्तर नाही. ढग तिथे अडकून बसलेला नसतोच. हवा त्यातून वाहत असते. चढताना बाष्पाचे थेंब होतात, उतरताना विरतात.

बाणही पायथ्याशी थांबत नाही. हवेचे थर स्थिर असतील, तर उतरणारी हवा मूळ पातळीच्या खाली जाते, पुन्हा वर येते. एका हेलकाव्याला ढोबळमानाने १० मिनिटे. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर लाटेची लांबी ६ किलोमीटर! पावसाळी संपृक्त हवेत थेंब बनताना उष्णता सुटते, त्यामुळे हेलकावा मंदावतो. आर. पी. सरकार यांनी १९६६ साली सह्याद्रीवरील पावसाचे असे गणित मांडले. त्यात सर्वाधिक पाऊस माथ्याच्या अलीकडेच येतो व पलीकडे झपाट्याने घटतो. लोणावळ्याला वर्षाला ४०० सेंमी.हून अधिक आणि पुण्याला ७० सेंमी.च्या आसपास, हे आपण जाणतोच.

गंमत अशी की, हिवाळ्यातल्या पहाटे ‘अडवतो’ हा शब्द खरा ठरू शकतो. स्थिर हवेला २०० मीटरचा डोंगर ओलांडायला सेकंदाला साधारण २ मीटर तरी वेग हवा. त्याहून संथ वारा वळसा घालतो किंवा धुरासह पायथ्याशी साचतो.

वर्गात विटेमागे उदबत्ती धरून हे दाखवण्याची पद्धत आहे. तिने भोवरे दिसतात, लाट नाही. खोलीतली हवा तशी थरांची नसते. त्यापेक्षा पावसात शाळेच्या अंगणातल्या वाहत्या पन्हळीत एक दगड ठेवावा. दगडापुढचा उंचवटा जागेवर उभा राहतो आणि कागदी होडी त्यावरून निघून जाते.