मधोमध उभा राहणारा आवाज

नाशिकला एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानात इअरफोन मागितला की सगळ्यात आधी बेस ऐकवतात. "ताई, याचा बेस बघा," म्हणत दुकानदार जे गाणं लावतो तेही त्यासाठीच निवडलेलं असतं. ढोल दणाणतो, कान मिनिटभर सुखावतात आणि हजाराच्या आतला सौदा पटकन जमतो. मी मात्र माझा फोन पुढे करते, त्याला इअरफोनची पिन लावते आणि गायक डी. व्ही. तथा बापूराव पलुसकर ऐकते.

यात गावाची माया आहेच. बापूराव पलुसकर 28 मे 1921 रोजी नाशिकला जन्मले. त्यांचे वडील, गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर, यांनी उतारवयात इथेच रामनाम आधार आश्रम उभा केला. बापूराव दहा वर्षांचे असताना वडील गेले, पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे झाली, आणि 26 ऑक्टोबर 1955 रोजी अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गळा थांबला. मागे उरल्या त्या बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. पण इअरफोन निवडताना मी त्यांच्याकडे वळते त्याचं कारण वेगळंच आहे. ही सगळी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत.

मोनो म्हणजे दोन्ही कानांत तोच एक आवाज. इअरफोनच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कानांत नीट बसल्या, तर गाणारा डोक्याच्या बरोबर मधोमध, भुवयांच्या मागे उभा राहतो. एक बाजू जरा दुबळी असली, किंवा एका कानातलं रबर सैल राहिलं, की बापूराव सरकतात. उजव्या गालाशी जातात, कधी डाव्या कानशिलाशी. आजच्या स्टीरिओ गाण्यात वाद्यं मुळातच दोन्हीकडे विखुरलेली असल्यामुळे हा दोष लपून जातो. मोनोत तो पहिल्या सुरालाच कळतो.

एकदा आवाज मधोमध आला की मग रंग बघायचा. पुरुष गायकाने काळी एक घेतली तर मधला सा साधारण 139 हर्ट्झला असतो. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये नेमका त्याच्या आसपासचा भाग सुजतो. जुन्या तबकडीत फार खोल खर्ज नसतोच, त्यामुळे ढोलाचा दणका काही मिळत नाही, पण बापूरावांचा लख्ख, हलका गळा सर्दी झाल्यासारखा जड होतो. उलट टोकाला वरचे सूर टोचणारा इअरफोन असतो. त्यात तबकडीची खरखर गायकाच्या पुढे येऊन बसते. रामाच्या बालरूपाचं ते तुलसीदासांचं भजन लावून बघा. त्यात पैंजणांचा उल्लेख येतो, तिथले अनुनासिक किती नाजूक लागलेत! चांगल्या इअरफोनमध्ये ते सुटे, मऊ ऐकू येतात आणि खरखर मागे कुठेतरी पावसासारखी चालू राहते. वाईट इअरफोनमध्ये एक तर ते अनुनासिक पुसले जातात, नाहीतर सुईसारखे टोचतात.

गळ्याला जी धार असते ती मुख्यतः 3,000 हर्ट्झच्या आसपास राहते. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आणि उघडी असताना ती नेमका तेवढाच भाग आपणहून उचलून धरते. इअरफोन आत घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि निसर्गाने दिलेला हा उठाव बिघडतो. तो परत द्यायचं काम इअरफोन बनवणाऱ्याचं. त्याने कंजुषी केली तर गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं, अति केलं तर ओरडतोय असं वाटतं. खोक्यावर छापलेल्या "20 ते 20,000 हर्ट्झ" या आकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही.

खरी परीक्षा 'बैजू बावरा'मधल्या (1952) जुगलबंदीची. नौशादांचं संगीत, राग देसी, तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी पलुसकर. इथेही सगळं मोनो, म्हणजे दोन गायक दोन बाजूंना नाहीत, दोघेही एकाच बिंदूत आहेत. त्यांना वेगळं ओळखायचं ते फक्त गळ्याच्या पोतावरून. खाँसाहेबांचा आवाज जाड सायीसारखा, खाली पसरलेला, आणि बापूरावांचा निवळीच्या पाण्यासारखा. लय वाढते, ताना एकमेकींवर चढतात, आणि तेव्हाही कोण कुठे थांबला आणि कोणी उचललं हे विचार न करता कळत असेल, तर तो इअरफोन ठेवून घ्यावा. बेसने भारलेल्या इअरफोनमध्ये द्रुत लयीत दोघे मिळून एकच गायक होतो. इतक्या मोठ्या दोन कलावंतांचं असं एकजिनसी पीठ झालेलं मला सहन होत नाही.

तबल्यासाठी मात्र अलीकडचं ध्वनिमुद्रण घ्यावं लागतं. बायाँवरचा, म्हणजे डग्ग्यावरचा, तळहात घासून काढलेला घिस्सा खालून वर सरकताना अखंड रेघ काढतो की मध्येच दचकतो, एवढं ऐकलं की पुरे.

मी सध्या वापरते तो मूनड्रॉप कंपनीचा चू 2. चीनमधल्या चेंगडूची ही कंपनी, आणि किंमत दोन हजारांच्या आसपास. आत 10 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. बाहेर धातूचं काळं, थंड कवच, जे कानाच्या वाटीत टेकून बसतं. वायर काढता येते, आणि माझ्या दृष्टीने या किमतीत हा मोठाच गुण, कारण इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा वायरीपाशी. बिनतारी बड्समध्ये तेवढेच पैसे बॅटरी आणि चिपमध्येही वाटले जातात, म्हणून कमी पैशात आवाज हवा असेल तर मी वायरच सुचवते. फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा कनेक्टर घ्यावा.

पण इअरफोन कितीही चांगला असला तरी सगळं अडतं ते रबरापाशी. फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज गळतो आणि आपण म्हणतो, याला बेसच नाही. माझ्या डाव्या कानाला लहान रबर लागतं आणि उजव्याला मधलं. हे कळायला मला काही वर्षं लागली. तोवर मी दोन्हीकडे मधलंच दाबून बसवायची आणि तासाभरात डावा कान ठणकायचा. आता इअरफोन बघायला जाताना स्वतःची रबरं डबीत घेऊन जाते. स्वच्छतेचा प्रश्न मिटतो आणि दुकानदारही हरकत घेत नाही. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा, वायर कानावरून मागे टाकायची म्हणजे कपड्याला घासून होणारी खसखस आत येत नाही. मग गाणं न लावता ओठ मिटून "म्" म्हणायचं. नळी बंद झाली असेल तर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. ज्या बाजूला घुमत नाही, तिकडचं रबर बदलायचं.

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना याचं मोल कळतं. कसाऱ्याच्या घाटात डब्याची घरघर वाढते आणि पहिल्यांदा बायाँ तिच्यात बुडतो, कारण खालचा गोंगाट रबरालाही पूर्ण अडवता येत नाही. तानपुरा धूसर होतो. शेजारची माणसं फोनचा आवाज वाढवत नेतात. माझा अर्ध्यावरच असतो. बोगद्याच्या अंधारातही बापूराव भुवयांच्या मागे जागच्या जागी असतात, आणि नीट कान दिला तर तान घेण्याआधीचा त्यांचा श्वाससुद्धा लागतो.