लक्षवेधाची कला आणि लपू पाहणारे मूल : सायबर-छळविरोधी मोहिमांची एक चिकित्सा

जाहिरात संस्था आणि सेवाभावी संस्था यांचे सख्य नवे नाही. अमेरिकेतील 'अ‍ॅड कौन्सिल' ही संस्था १९४२ मध्ये महायुद्धाच्या निमित्ताने स्थापन झाली आणि पुढे जाहिरात व्यावसायिकांचे कसब लोकहिताच्या कामाकडे विनामोबदला वळविणे हेच तिचे कार्य ठरले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या सख्यापुढे एक अवघड विषय आला. तो म्हणजे इंटरनेटवर होणारा मुलांचा छळ. जाहिरातकलेचे सारे कौशल्य लोकांचे लक्ष वेधण्यात असते. छळ होत असलेल्या मुलाचे दुःख मात्र नेमके हे असते की, नको तितक्या लोकांचे लक्ष त्याच्याकडे आधीच वेधले गेले आहे. जे औषध द्यायचे तेच ज्या रोगाचे कारण आहे, अशा ठिकाणी वैद्याला हात आखडता घ्यावा लागतो. जाहिरात संस्थांना हे कितपत साधले, याचा विचार काही प्रत्यक्ष मोहिमांच्या आधारे करणे आवश्यक आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अ‍ॅड कौन्सिलने 'आय अ‍ॅम अ विटनेस' ही मोहीम सुरू केली. तिची कल्पना सॅन फ्रान्सिस्को येथील 'गुडबी सिल्व्हरस्टीन अँड पार्टनर्स' या जाहिरात संस्थेची होती. मोहिमेच्या केंद्रस्थानी एकच चिन्ह होते : संवादाच्या फुग्यात उघडा डोळा. त्याच महिन्यात अ‍ॅपलने आपल्या 'आयओएस ९.१' या प्रणालीत या चिन्हाला इमोजी म्हणून स्थान दिले. एखाद्या मुलाची कोणी ऑनलाइन टवाळी करीत असेल, तर पाहणाऱ्या मुलाने तेथे हा डोळा ठेवावा, 'मी हे पाहिले आहे आणि मला ते मान्य नाही' असे शब्दांवाचून सांगावे, अशी योजना होती. किशोरवयीन मुलांना भांडणात पडण्याची भीती वाटते, उपदेश करणे लाजिरवाणे वाटते. तेव्हा त्यांच्याच लिपीतील एक खूण त्यांच्या हाती द्यावी, हा विचार चतुर होता यात शंका नाही.

लक्ष्य म्हणून पाहणाऱ्याची निवड करण्यात तर सखोल जाण दिसते. शालेय छळाच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस यांनी छळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत हेतुपुरस्सरता, पुनरावृत्ती आणि बलाची विषमता या तीन गोष्टी येतात. शाळेच्या मैदानावर पुनरावृत्ती छळणाराच करतो. इंटरनेटवर तो एकदाच चित्र टाकून मोकळा होतो. पुनरावृत्ती करतात ती ते चित्र पुढे पाठविणारी, त्यावर हसणारी, नुसते उघडून पाहणारी मुले. येथे पाहणारा हा छळाच्या बाहेर उभा नसतो, तो छळाच्या यंत्रणेचाच एक भाग असतो.

परंतु निवड अचूक असली तरी साधन पुरे पडते का, हा प्रश्न उरतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एका सहभागी व्यक्तीला झटका आल्याचे ऐकविले होते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका ओसरण्यापूर्वी मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही. डोळ्याचे इमोजी ही कोंडी फोडते की तिलाच एक सोयीस्कर रूप देते? एका चित्राखाली दहा डोळे उमटले, तर अकराव्याला आपले कर्तव्य उरले असे वाटेलच असे नाही. पहिल्या दहांनाही ते पार पडले असे वाटू शकते.

या संदर्भात मराठीतील शब्दभेद उपयोगी पडतो. 'विटनेस' या एका शब्दासाठी मराठीत किमान तीन शब्द संभवतात. बघ्या म्हणजे गर्दीत उभा राहून मजा पाहणारा. साक्षी म्हणजे अलिप्तपणे पाहणारा, ज्याला आपल्या तत्त्वपरंपरेत मोठे स्थान आहे, पण जो कोणाच्या मदतीला धावत नाही. आणि साक्षीदार म्हणजे ज्याला बोलावे लागते, नाव सांगावे लागते, उलटतपासणी सोसावी लागते. मोहिमेने बघ्याला साक्षीदार करण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात खूण दिली ती साक्षीची. चिन्हाची तांत्रिक घडण तर या संदर्भात फारच बोलकी आहे. डोळा आणि फुगा ही दोन स्वतंत्र चिन्हे एका अदृश्य जोडचिन्हाने सांधलेली आहेत. ज्या यंत्रावर हा सांधा ओळखला जात नाही तेथे डोळा एकीकडे आणि रिकामा फुगा दुसरीकडे, असे सुटे सुटे दिसते. पाहिले आहे, पण बोललेले काही नाही!

'बीबीडीओ न्यूयॉर्क' या संस्थेने मोनिका लेविन्स्की यांच्यासमवेत केलेल्या दोन कामांची जात वेगळी आहे. २०१७ च्या 'इन रिअल लाइफ' मध्ये इंटरनेटवरील खऱ्या टिप्पण्या नटांच्या तोंडी घालून सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने बोलविल्या गेल्या. आजूबाजूचे अनोळखी लोक मध्ये पडले. हे काम प्रभावी आहे; तथापि त्याचा युक्तिवाद अर्धा आहे. रस्त्यावर लोक मध्ये पडतात, कारण तेथे बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा समोर असतो. पडद्यावर तो नसतो, ही अडचण चित्रफीत दाखवून देते, सोडवीत नाही. २०१९ चे 'द एपिडेमिक' अधिक कसदार आहे. एका शाळकरी मुलीच्या गूढ आजारासारखी भासणारी गोष्ट प्रेक्षक पाहतो. मग त्याच्याकडे त्याचा फोन क्रमांक मागितला जातो. गोष्ट पुन्हा सुरू होते आणि मुलीला आलेले संदेश आता प्रेक्षकाच्या स्वतःच्या फोनवर येऊ लागतात. येथे लक्ष मुलीकडे वळविलेले नाही. पालकाच्या किंवा शिक्षकाच्या खिशातील यंत्र थरथरते आणि आपल्याला पहिल्या वेळी काहीच दिसले नव्हते, हे त्याला कळते. रूप आणि आशय यांची अशी एकवाक्यता जाहिरातीत दुर्मीळ असते. तरीही हे काम वडीलधाऱ्यांसाठी आहे, मुलीसाठी नाही. त्रासलेल्या मुलीने ते पाहिले तर तिला तिचेच संदेश पुन्हा मिळतील, एवढेच.

संस्थेचे संकेतस्थळ नेमके कोणासाठी असते, हा प्रश्न येथे अटळ होतो. देणगीदार, शाळा, पत्रकार आणि पीडित मूल असे निदान चार वाचक एकाच पानावर येतात. पहिल्या तिघांना संस्था मोठी, ठळक, सर्वत्र दिसणारी हवी असते. डिजिटल एजन्सीच्या हाती जी मापे असतात, तीही त्यांच्याच बाजूची. 'गुगल अ‍ॅड ग्रँट्स' या योजनेतून पात्र सेवाभावी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती विनामूल्य मिळतात. २०१८ पासून त्यासाठी अशी अट आहे की, दाखविलेल्या जाहिरातींपैकी किमान ५ टक्के वेळा तरी लोकांनी जाहिरातीवर क्लिक केले पाहिजे. सलग दोन महिने हे प्रमाण घसरले तर खाते बंद पडू शकते. अट गैर नाही. पण तिच्यामुळे एजन्सीचा कल ज्या शब्दांवर हमखास क्लिक मिळते त्या शब्दांकडे जातो. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली फोन धरलेले मूल 'सायबर-छळविरोधी संस्था' असे शोधत नाही. ते 'दुसऱ्याने टाकलेला फोटो कसा काढायचा' असे काहीतरी तोडक्यामोडक्या भाषेत टंकित करते. ती भाषा जाणून तिला उत्तर देणारे साधे पान लिहिणे, हे एजन्सीचे खरे काम आहे. ते दिसायला सामान्य असते.

लपण्याची सोय करणारी रचना अशक्य नाही, हे इतरत्र सिद्ध झालेले आहे. घरगुती अत्याचाराविषयीच्या संकेतस्थळांवर पान तत्काळ सोडण्याचे बटन असते. ब्रिटिश शासनाने आपल्या संकेतस्थळांच्या रचनासंहितेत २०२३ मध्ये असे बटन समाविष्ट केले. ते दाबताच बीबीसीचे हवामानाचे पान उघडते. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलेली 'टेक इट डाउन' ही सेवा याहून पुढे जाते. अठरा वर्षांखालील वयातील आपले नग्न वा लैंगिक स्वरूपाचे छायाचित्र पसरण्याची भीती असलेली व्यक्ती नाव न सांगता ती वापरू शकते. छायाचित्र तिच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनमध्येच त्याची सांकेतिक आकड्यांची खूण तयार होते आणि तेवढीच सहभागी कंपन्यांकडे जाते. कोणीही न पाहता मदत मिळते. सेवेच्या मर्यादा उघड आहेत : सहभागी नसलेल्या व्यासपीठांवर ती चालत नाही, आणि छायाचित्रात थोडा फेरफार केला तर खूण जुळेनाशी होते. तिच्या उभारणीस मेटा या कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हेही नजरेआड करून चालणार नाही. ज्यांच्या दारात छळ घडतो तेच दारावरच्या कुलपाचा खर्च करतात.

मोहिमा नकोत असा याचा अर्थ नव्हे. 'द एपिडेमिक' सारखे काम शिक्षक-पालकांच्या सभेत दाखविण्याजोगे आहेच. मात्र एजन्सीने मोहीम आणि मदतीचे पान ही दोन निरनिराळी कामे मानावीत, त्यांची मापेही निराळी ठेवावीत. मदतीच्या पानावर मूल किती वेळ थांबले, किती पाने उलगडली, किती जणांना ते पान पाठविले, या आकड्यांना काहीच अर्थ नाही. जे मूल चाळीस सेकंदांत हवा तो क्रमांक घेऊन निघून गेले, ते आजच्या अहवालपद्धतीत अपयश म्हणून नोंदले जाऊ शकते.