पडद्यावरचा रवा

जून २०२४. शाळेला सुट्टी होती म्हणून बुटीबोरीहून पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. श्याम बेनेगल यांचा १९७६ सालचा ‘मंथन’ त्याच सुमारास नव्याने दुरुस्त होऊन चित्रपटगृहांत लागला होता. भाच्याला सोबत घेतले. पाचच मिनिटांत तो कुजबुजला, “मामा, पडद्यावर मुंग्या चालताहेत. एवढा खर्च केला, मग नीट पुसलं का नाही?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी मॅट्रिकपर्यंतचाच माणूस. तरी कळले तसे सांगतो. त्याने पाहिला तो फिल्मचा रवा. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक जिलेटिनमध्ये बसवलेले असतात आणि प्रकाशाने जे चित्र उमटते ते त्यांच्यातच. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते, तिच्या जागी रंगाचे ठिपके उरतात. सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येकीत ठिपक्यांची मांडणी निराळी. म्हणून पडद्यावरची स्तब्ध भिंतदेखील किंचित सळसळते. धूळ, ओरखडे, बुरशी ही बाहेरून आलेली. ती जरूर काढावीत. पण साजूक तुपातला रवा कोणी गाळून टाकतो काय?

भाच्याचीही एक बाजू आहे, आणि ती टीकाकार सहसा सांगत नाहीत. १९७६ च्या प्रेक्षकाने एवढा रवा पाहिलाच नव्हता. निगेटिव्हवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत, असे करता करता बारकावा बोथट होत असे. त्यात गावोगावच्या यंत्रांचा मिणमिणता उजेड! ‘मंथन’ची दुरुस्ती मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केली, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून. पूर्वी प्रयोगशाळेत भिंगाखाली दिसावे ते आता तिसऱ्या रांगेतल्या पोराला दिसते. मग थोडा रवा पुसला तर मूळ अनुभवाशी इमानच राखले जाईल, असे कोणी म्हणेल.

मला ते पटत नाही. रवा कोठे संपतो आणि कातडी कोठे सुरू होते हे पुसणाऱ्या यंत्राला नेमके ठरवता येत नाही. काही जुने चित्रपट असे धुऊन काढलेले मी पाहिले आहेत. नट मेणाचे, साड्या प्लॅस्टिकच्या! ‘मंथन’मधल्या बिंदूच्या कपाळावरचे ऊन, ओठांजवळची ती हट्टी रेघ, यांना असा हात लागला असता तर? स्मिता पाटील १९८६ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी गेल्या. तो चेहरा पुन्हा चित्रित करता येणार नाही. बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली ही दुरुस्ती झाली आणि मुंग्या शिल्लक राहिल्या, याचे मला समाधान वाटते. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. तो इतका गुळगुळीत शोभलाही नसता.

मध्यंतरानंतर भाचा मुंग्यांविषयी बोलला नाही. घरी येऊन मात्र त्याने टीव्हीतली ‘चित्र स्वच्छ करण्याची’ सोय बंद केली. बहिणीची तक्रार आहे की तेव्हापासून तिच्या मालिकांतल्या सासवा फार म्हाताऱ्या दिसू लागल्या आहेत.